अध्ययन अक्षमतेचा दाखला येण्याआधी शाळेनं काय करायचं? चौथीतल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलाला इथं समर म्हणू. हे त्याचं खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण त्या वेळी अंगणवाडीत. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पण सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित इंग्रजीतून. मी विशेष शिक्षिका आहे. शाळेत बैठकीला सोबत या, असं समरच्या आईनं सांगितलं, तिथून मी या प्रकरणात आले.

समर २०१९ च्या जूनमध्ये पहिलीत गेला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्याची अख्खी दुसरी आणि तिसरीचा मोठा भाग आईच्या मोबाइलवर गेला. जून २०२२ मध्ये तो चौथीत बसला तेव्हा वर्गातली बरीच मुलं अडखळत वाचत होती. त्यामुळे समर वाचत नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. ‘कोरोनाची बॅच’ या दोन शब्दांत सगळ्यांचं समाधान झालं होतं.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर आईनं त्याच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. श्रुतलेखनाचं वाक्य होतं, ‘शेतकरी शेतात काम करतो. त्याचा मित्र बाजारात गेला.’ समरनं लिहिलं होतं, ‘शतकरी शेतत कम करतो. तचा मितर बजरत गेल.’ काना-मात्रा गळलेले, जोडाक्षर आलं की सुटलेलं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल पानोपानी. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. वाचायला दिलं तर पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजानं ठोकायचा, ‘बागेत’ असेल तिथं ‘बाजारात’.

तोंडी मात्र चित्र वेगळंच होतं. चौथीच्या इतिहासातला प्रतापगडाचा प्रसंग त्यानं मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितला, कोण कुठं उभं होतं, कुणी कुणाला काय निरोप पाठवला, सगळं. त्याच धड्यावरच्या प्रश्नाला वहीत दीड ओळ होती. डेपोतून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या, आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब तो मनात चटकन करायचा.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट आईनंच हेरली होती. ‘पंचवीस’ म्हटलं की तो ५२ लिहायचा, ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हटलं की २५. मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि दशक नंतर, लिहायचं मात्र उलट. बहुतेक मुलं हे कधीतरी आपोआप जुळवून घेतात, समरचं ते जुळलं नव्हतं. (२०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समरसारख्या मुलांसोबत बसलेल्या कुणालाही त्यामागचा विचार लगेच पटला असता.)

वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं, “डोकं आहे हो त्याला, पण लिहायचा कंटाळा. घरी बसवत जा जरा.” आई म्हणायची, “बाई, रोज दोन तास बसवते. वही काढली की रडायला लागतो.” चाचणीच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की मागच्या बाकावरून हसणं सुरू व्हायचं, आणि एकदा त्यावरून मारामारीही झाली. त्यानंतर मुख्याध्यापकांनी आईला बोलावून सुचवलं की मुलाला सेमी झेपत नाही, झेडपीच्या शाळेत घाला, नाहीतर ‘तशा मुलांच्या’ शाळेची चौकशी करा. दाखला काढायचा असेल तर लगेच देऊ, असंही ते म्हणाले. हा दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा.

लॉकडाउनचा परिणाम की अक्षमता?

पुढचं सगळं या प्रश्नावर अवलंबून होतं. लॉकडाउननं मागे पडलेल्या मुलाला सराव पुरतो. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडणाऱ्या मुलाला त्याच पद्धतीचा जास्त सराव दिला तर रडणं तेवढं वाढतं.

तीन गोष्टी तपासल्या. पहिली म्हणजे डोळे आणि कान. हे कितीदा राहून जातं! शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं नजर तपासली होती, ती ठीक होती. ऐकण्याची तपासणी ग्रामीण रुग्णालयातून लिहून घेऊन पुढे करावी लागली, तीही ठीक निघाली. दुसरी, सोबतची मुलं. सेतू अभ्यासाच्या, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीच्या वेळी समरच्या बरोबरीनं अडखळणारी बहुतेक मुलं सहामाहीपर्यंत सलग वाचू लागली होती, समर जूनमध्ये होता तिथंच होता. तिसरी, घरचा इतिहास. वडील पहिल्या भेटीत गप्प होते. दुसऱ्या भेटीत म्हणाले, “मॅडम, माझंपण असंच होतं. दहावीला मराठीत दोनदा गेलो. इंजिन खोलायला दिलं तर डोळे झाकून जोडतो.” वाचनाची ही अडचण घराण्यात उतरते हे माहीत असूनही वडिलांना तसा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शाळेच्या कामाला आईच येते, म्हणून माहितीही तिच्याकडूनच घेतली जाते.

एवढ्यावरून निदान होत नाही. पण तपासणीला पाठवायला आणि वर्गात वागणूक बदलायला एवढं पुरेसं होतं.

पर्याय

घरात आणि शाळेत मिळून पाच गोष्टी बोलल्या जात होत्या.

चौथी पुन्हा करायची, असं आजीचं मत होतं. ते लगेच बाजूला ठेवलं. ज्या पद्धतीनं एक वर्ष वाचता आलं नाही, त्याच पद्धतीनं दुसरं वर्ष काढून काय होणार? शिवाय लहान मुलांत बसवल्याचा अपमान वेगळाच.

क्लास लावायचा, हे शेजाऱ्यांचं मत. गावातला क्लास म्हणजे शाळेचीच पुनरावृत्ती, तीही संध्याकाळी, मूल थकलेलं असताना. आईनं तरी एक महिना पैसे भरले होतेच.

माध्यम बदलायचं. याचा मात्र गंभीरपणे विचार केला. समरची मुख्य अडचण मराठी वाचनलेखनात होती आणि इंग्रजी अंकनावांनी त्याला उलट मदतच होत होती, त्यामुळे सेमी सोडून हाती फारसं काही येणार नव्हतं. इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं त्याला वाचता येत नव्हती हे खरं, पण ती मराठीतही येत नव्हती. शाळा बदलली असती तर दोन मित्र गेले असते, आणि ते दोन मित्र हीच त्याची शाळेतली जमेची बाजू होती.

विशेष शाळा. सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या आणि फक्त वाचनलेखनात अडणाऱ्या मुलासाठी ती जागा नाही. शिवाय शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये ते स्पष्ट आहे.

राहिला दाखला, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र. सगळ्यांच्या आशा त्यावर टेकल्या होत्या. शाळा म्हणत होती, “दाखला आणा, मग सवलती देऊ.” आईलाही वाटत होतं की दाखला आला की सगळं मार्गी लागेल.

पहिला निर्णय : दाखल्याची वाट पाहायची नाही

प्रमाणपत्र काढायला सुरुवात करायचीच, पण त्यासाठी वर्गातली मदत अडवून ठेवायची नाही, असं मी आग्रहानं सांगितलं. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीच्या तारखा लांबच्या असतात. तोवर चौथी संपून गेली असती.

याला कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांपैकी एक आहे. अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करणं हे कलम १६ नुसार शिक्षणव्यवस्थेचं काम आहे, ते एकट्या पालकांवर सोडलेलं नाही. कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करण्याची तरतूद आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही त्यातच दिलेली उदाहरणं. आणि या दोन्ही कलमांना ४० टक्क्यांची अट नाही. ती अट आरक्षणासारख्या इतर लाभांना आहे. शाळांच्या कार्यालयांत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

आईनं एक पानी अर्ज लिहिला. कायद्याची कलमं शेवटच्या ओळीत घेतली, आधी मुलाचं वर्णन ठेवलं, म्हणजे त्याला काय येतं, काय येत नाही, वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स, आणि मागण्या. अर्ज कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. लिपिक म्हणाले, “ताई, पोच कशाला, सरांना सांगतो ना मी.” आईनं नम्रपणे पण ठामपणे पोच मागून घेतली. त्या शिक्क्याचा पुढच्या वर्षी उपयोग झाला.

बैठकीत मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, आई आणि मी होतो. पहिला अडथळा अपेक्षित होता. बाई म्हणाल्या, “मला त्याच्यावर दया येते, पण पेपर कोरा असेल तर गुण कुठून देऊ? नियमात बसायला नको का?” प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्यांच्याच कपाटात होतं. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत ‘तोंडीकाम’ आहे, ‘प्रात्यक्षिक’ आहे, ‘प्रकल्प’ आहे. परिसर अभ्यासाचं आकारिक मूल्यमापन तोंडी घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही. नोंदवहीत तसं लिहायचं, एवढंच. बाईंचा चेहरा तिथं सैलावला. नियम मोडावा लागणार नाही हे कळल्यावर त्या स्वतःहून सुचवू लागल्या.

बैठकीत ठरलं ते असं. समरला अचानक उभं करून वाचायला सांगायचं नाही, वाचायचा उतारा आदल्या दिवशी द्यायचा. परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी. भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नाही, मित्राच्या वहीची झेरॉक्स चालेल. गणिताला चौकटीची वही, आणि संख्या सांगताना दोन्ही भाषांत. बसायची जागा पुढे, त्याच मित्राशेजारी. खाली तिघांच्या सह्या आणि पुन्हा कधी बसायचं ती तारीख.

वाचनाचं काम मी हाती घेतलं. एका वेळी एकच मात्रा. आठवडाभर फक्त काना, तोही आधी ऐकून ओळखायचा, मग वाळूत काढायचा, मग वाचायचा, सगळ्यात शेवटी लिहायचा. पहिल्या वेलांटीला बराच काळ गेला, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. चौथीतल्या मुलाला ‘मामा’, ‘काका’ वाचायला दिलं तर त्याला लाज वाटते, म्हणून शब्द त्याच्या आवडीचे घेतले. ‘टायर’, ‘ब्रेक’, ‘थांबा’ हे सगळे डेपोतून आले आणि ते निवडून द्यायचं काम वडिलांनी केलं. घरचा दोन तासांचा अभ्यास बंद करून वीस मिनिटांवर आणला. आईला हे पटायला सगळ्यात जड गेलं.

तपासणी आणि दाखला

प्रमाणपत्रासाठी मूल साधारण आठ वर्षांचं झालेलं असावं लागतं. तेव्हा लागू असलेल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्धिमापन आणि मग बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचावर वाचन, लेखन, गणित यांची तपासणी असा क्रम होता. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी ती पुन्हा करावी लागते.

इथं एक निर्णय छोटा दिसतो, पण मोलाचा ठरला. आई तपासणीला फक्त इंग्रजीच्या वह्या नेणार होती, कारण त्यात चुका जास्त होत्या. इंग्रजी कमी कानावर पडणारं मूल इंग्रजीत चुकलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मराठीच्या वह्या, पहिलीपासूनची प्रगतिपत्रकं आणि बाईंचं एक पत्र सोबत दिलं, आणि तपासणी मराठीतून व्हावी अशी लेखी विनंती केली. बाईंनी पत्रात लिहिलेलं एक वाक्य मानसतज्ज्ञांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘तोंडी परीक्षेत वर्गात पहिल्या पाचांत, लेखी परीक्षेत शेवटच्या पाचांत.’

प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा चौथीची वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. वाचन आणि लेखन या दोन्हींतली अक्षमता, बुद्धिमत्ता सर्वसाधारण. वडिलांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, “म्हणजे आळशी नाही ना तो?” त्यांना तेवढंच हवं होतं.

पाचवी : घडी विस्कटली

जून २०२३ मध्ये वर्ग बदलला, शिक्षक बदलले. विषयवार शिक्षक आले आणि आधीची बैठक कुणाला माहीत नव्हती. पहिल्याच आठवड्यात समरला इतिहासाच्या तासाला उभं करून वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला नाही.

आई शिक्क्याची प्रत, सह्यांचा कागद आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन मुख्याध्यापकांना भेटली. ओरडून भांडण्याची वेळ आली नाही, कारण सगळं त्यांच्याच सहीचं होतं. तरी प्रत्येक विषयशिक्षकापर्यंत ते पोचायला गणपती उजाडले. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक एकदा येऊन गेले आणि त्यांनी फार चांगल्या सूचना केल्या, पण एका माणसाकडे इतक्या शाळा की पुन्हा कधी येतील ते त्यांनाही सांगता येईना.

त्याच वर्षी राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात. घरात घबराट पसरली. इथं दोन प्रश्नांवर थांबून विचार करावा लागला.

लेखनिक घ्यायचा का? आईला हवा होता. माझं मत असं पडलं की समर आता लहान वाक्यं स्वतः लिहू लागला आहे, पूर्ण लेखन काढून घेतलं तर तेही थांबेल. त्याची अडचण आधी प्रश्न वाचण्यात होती. म्हणून प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मागितला. लेखनिक फक्त परिसर अभ्यासाला घेतला. समरलाही विचारलं होतं. तो म्हणाला, “गणित मी लिहीन.”

दुसरा प्रश्न, भाषेतून सूट घ्यायची का? ‘इंग्रजी सोडता येतं’ हे कळल्यावर नातेवाइकांनी सोडूनच द्या म्हणून धोशा लावला. पाचवीत ही सूट घेणं मला धोक्याचं वाटतं. आत्ता ओझं हलकं होतं, पण आयटीआय असो की डिप्लोमा, पुढे प्रत्येक वळणावर थोडंफार इंग्रजी लागतंच, आणि दहाव्या वर्षी सोडलेली भाषा पंधराव्या वर्षी पुन्हा धरणं अवघड जातं. इंग्रजी तोंडी चालू ठेवायचं, लेखी अपेक्षा कमी करायच्या आणि सूट घेण्याचा विचार आठवीच्या सुमाराला करायचा, असं ठरलं. ज्या मुलाला तीन लिप्यांचा किंवा तीन भाषांचा ताण सहनच होत नाही, त्याच्याबाबतीत निर्णय वेगळा असू शकतो.

काय साधलं

समर पाचवी पास झाला, पुनर्परीक्षेशिवाय. तो आता मोठ्या टाइपातला साधा उतारा संथपणे, पण अंदाज न करता वाचतो. वर्गाच्या पातळीला आलेला नाही. लिहिण्याचा कंटाळा अजून आहे, जोडाक्षरं अजून अडतात. चाचणीच्या दिवशीचं पोटदुखणं गेलं. हसणं पूर्ण बंद झालेलं नाही, पण मागच्या बाकावरची दोन मुलं आता गणितासाठी त्याच्याकडे येतात. चौथीच्या बाईंनी दुसऱ्या एका मुलीच्या आईला स्वतःहून तपासणीचं सुचवलं. या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात दुसरीत व्हायला हवी होती. लॉकडाउनमुळे ते अवघड होतं, पण पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकांना वापरता येईल असं, वाचनाच्या अक्षमतेची शक्यता ओळखायचं ‘डाली’ हे चाळणी साधन मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्येच मराठीतही आणलं होतं. या शाळेनं त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

ठरलेला कागद वर्गशिक्षिकेच्या फाइलमध्ये न राहता एप्रिलमध्येच पुढच्या वर्गाकडे लेखी सोपवला गेला असता, तर जूनमधला तो तास टळला असता. वर्ग बदलताना हस्तांतर कोण करणार, हे बैठकीतच नावानिशी ठरवायला हवं. आणि ते पालकांचं काम नाही, शाळेचं आहे.

वडिलांना पहिल्या दिवसापासून बोलवायला हवं होतं. त्यांच्या एका वाक्यानं जे कळलं, ते वह्यांच्या ढिगातून कळलं नव्हतं.

समरची बहीण आता दुसरीत आहे. तिच्या शाळेतल्या बाईंना आईनं जूनमध्येच भावाबद्दल सांगून ठेवलं आहे आणि दिवाळीपर्यंत काना-मात्रा बसले नाहीत तर तपासणीचा अर्ज करायचा असं ठरलं आहे. समरचं प्रमाणपत्र चौदाव्या वर्षी पुन्हा तपासावं लागेल, आणि भाषेतून सूट घेण्याचा निर्णयही त्याच सुमाराला येईल.